मुकादमाचा पाय

दिवाळीनंतरच्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी, अकोल्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गोदामात माझ्या धाकट्या दिराच्या कमरेत उसण भरली. त्या वेळी त्याच्या पाठीवर सोयाबीनचा पन्नास किलोचा कट्टा होता. कट्टा त्याने थप्पीवर ठेवला. त्यानंतर त्याला सरळ होता आले नाही.

त्याच्या मागच्या हमालाने स्वतःचे ओझे खाली टाकले आणि गोदामाच्या मुकादमाला हाक मारली. मुकादम लगेच आला, पण दवाखान्याची व्यवस्था करायला नव्हे. तो पायाळू होता. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात, त्याची लाथ कमरेवर बसली की उसण निघून जाते, असे आमच्याकडे मानतात. शिकलेलेही मानतात. अमरावतीत आमच्या गल्लीत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. त्यांची कंबर धरली की तेही फुले विकायला येणाऱ्या पायाळू बाईची दाराशी वाट पाहतात.

दिराला गोणपाटावर पालथे झोपवले. मुकादमाने उजव्या पायातली चप्पल काढली, टाचेने कमरेवर तीन लाथा दिल्या आणि मागे न पाहता तो वजनकाट्याकडे निघून गेला. या कामाचे पैसे घ्यायचे नसतात, घेतले तर गुण जातो. मालकाच्या दृष्टीने यापेक्षा सोयीचा उपचार नव्हता. प्रथमोपचाराची पेटी कार्यालयाच्या भिंतीवर होती. तिला कुलूप होते.

दीर उठला. दुपारच्या सुट्टीपर्यंत त्याने आणखी कट्टे वाहिले. संध्याकाळी त्याचा डावा पाय बधिर झाला. आठवडा संपायच्या आत तपासणी झाली. मणक्यातली चकती सरकून शीर दाबत होती. डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडासमोर धरली आणि विचारले, "काम काय करता?" त्याने सांगितले. डॉक्टर म्हणाले, "मग ही एका दिवसातली नाही. आता ओझे उचलायचे नाही." किती दिवस, असे त्याच्या बायकोने, म्हणजे माझ्या जावेने, विचारले. डॉक्टरांनी उत्तर दिले, "दिवस मोजू नका. उचलायचेच नाही."

तो तेव्हा चाळिशीच्या आत होता. दर्यापूरजवळच्या गावातून लग्नानंतर अकोल्याला आला, तेव्हापासून ट्रकपासून थप्पीपर्यंत आणि थप्पीपासून ट्रकपर्यंत कट्टे वाहण्याखेरीज दुसरे काम त्याने केले नव्हते. वाकायचे, पाठीवर घ्यायचे, फळीवरून चढायचे, टाकायचे, परत यायचे. हे काम गेले की घर चालवायला काही उरत नव्हते. नुकसानभरपाई मिळाली तर जाऊ घराच्या ओट्यावर भाजीचे दुकान टाकणार होती. नाही मिळाली तर गावी परत जायचे होते, तिथे घरची जमीन थोरल्या चुलत्यांकडे होती आणि ती मागायला जाण्यापेक्षा कट्टे उचललेले बरे, असे दिराचे मत होते.

गोदामाला हमाल पुरवणारा ठेकेदार चौथ्या दिवशी घरी आला. मी त्या दिवशी अमरावतीहून आले होते, म्हणून पुढचे संभाषण मी स्वतः ऐकलेले आहे. त्याच्या हातात केळी होती.

जाऊ म्हणाली, "केये कायले आनले? केये खाऊन मनका जागेवर बसते का?"

"अवो वयनी, रिकाम्या हातानं येनं बरं दिसते का? घरचाच मानूस हाय तो आपला."

"घरचा हाय तं घरच्यावानी दवाखान्याचं पाहा."

"पाहू ना, पाहू. पहिले आराम तं करू द्या त्याले." मग तो दिराकडे वळला. "काय काय उपाय केला भाऊ?"

"उपाय काय, पायाळूची लाथ घेतली. घंटाभर बरं वाटलं. मंग पाय गेला कामातून."

ठेकेदाराने मान डोलावली. ती सहानुभूती नव्हती, हे नंतर कळले. लाथ कोणाची, हे त्याने विचारले नाही, कारण ते त्याला माहीत होते. बोलता बोलता त्याने आणलेल्यातले एक केळे सोलून खाल्ले आणि तो निघून गेला. पुन्हा तो घरी आला नाही.

गोदामाच्या मालकाचे म्हणणे असे की हा माणूस आमचा नाही, ठेकेदाराचा आहे. ठेकेदाराचे म्हणणे असे की माणूस माझा आहे, पण अपघात झालेलाच नाही. अपघात म्हणजे काहीतरी पडायला हवे, काहीतरी तुटायला हवे, रक्त यायला हवे. मणका आतून सरकला, तर तो सरकताना कोणी पाहिला? कामगार विम्यात त्याचे नाव कोणीच घातलेले नव्हते. त्यामुळे दावा सरळ दोघांवर लावावा लागला.

मी त्या काळात अमरावतीच्या एका दैनिकात उपसंपादक होते. अपघाताची बातमी कशी ओळखायची, हे आमच्या धंद्यात ठरलेले असते. थप्पी अंगावर कोसळून हमाल ठार झाला तर पहिल्या पानावर एक स्तंभ. जखमी झाला तर आतल्या पानावर चार ओळी. रोज तेच ओझे त्याच मणक्यावर घेऊन मणका झिजला, तर त्याला तारीख नसते, आणि ज्याला तारीख नाही ते आमच्याकडे छापत नाहीत. ठेकेदाराची अपघाताची व्याख्या आणि आमची व्याख्या सारखीच होती, एवढी नोंद इथे पुरे.

त्या गोदामाची एक बातमी मात्र त्याआधी आमच्याकडे आली होती. सुरक्षा सप्ताहानिमित्त मालकाने कामगारांना पिवळी शिरस्त्राणे वाटली. छायाचित्रात मालक मध्यभागी होता आणि दीर डावीकडून तिसरा. मथळा होता, 'कामगार हेच आमचे कुटुंब'. छायाचित्र निघाल्यावर शिरस्त्राणे परत गोळा करून खोक्यात भरली, कारण पुढच्या वर्षीही सप्ताह येणार होता.

"टोपी डोक्यावर अन् कट्टा पाठीवर," दीर सांगायचा. "पाठीले टोपी असती तं गोष्ट वेगळी होती वयनी."

पुढे न्यायालयात मालकाने आपण कामगारांची किती काळजी घेतो, हे दाखवायला तेच कात्रण जोडले.

अपंगत्वाची टक्केवारी ठरवायला सरकारी वैद्यकीय मंडळासमोर जावे लागले. तिथल्या एका डॉक्टरांनी टेबलावरचे पेन जमिनीवर टाकले आणि दिराला ते उचलायला सांगितले. तो गुडघे वाकवून, भिंतीला धरून खाली गेला आणि पेन घेऊन वर आला. कपाळावर घाम होता. 'रुग्ण जमिनीवरील वस्तू उचलू शकतो', अशी नोंद झाली. वस्तूचे वजन नोंदीत आले नाही. तरीही दुसऱ्या डॉक्टरांनी पाय तपासला, फिल्म पाहिली आणि 'अवजड काम कायमचे निषिद्ध' असे लिहिले. दोन्ही वाक्ये एकाच कागदावर एकाखाली एक होती आणि दोन्ही बाजूंच्या वकिलांनी आपापले वाक्य अधोरेखित केले.

बाहेर आल्यावर मी विचारले, "भाऊजी, बसता का जरा?"

"बसता येत नाई, उभं राहता येत नाई. तुमच्या पेपरात लिहितात ना, प्रकरण लोंबकळत आहे. ते मीच."

मालकाची कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, आली ती नागपूरच्या वकिलाने लिहिलेली होती. ठेकेदाराने त्याला केळी खाताना ऐकलेले सांगितले होते, पण अर्धेच; लाथ मुकादमाची होती, हे गाळून. कैफियतीत म्हटले होते की अर्जदाराच्या मणक्याला झालेली इजा कामामुळे नसून, त्याने स्वतःच्या मर्जीने, अंधश्रद्धेपोटी, पायाळू म्हणवणाऱ्या एका खासगी व्यक्तीकडून मारून घेतलेल्या अघोरी लाथेमुळे झाली आहे. सबब मालकाची जबाबदारी नाही. जादूटोणाविरोधी कायद्याचाही उल्लेख होता. प्रथमोपचाराच्या पेटीला कुलूप लावून पायाळू मुकादमावर गोदाम चालवणाऱ्या मालकाला विज्ञानाचा असा पुळका आला होता.

घरात यावर दोन मते पडली. माझ्या नवऱ्याचे म्हणणे, लाथ घेतलीच नाही असे सांगून टाक. जावेचे म्हणणे, मुकादमाचे नाव घे आणि मोकळा हो. दिराने दोन्हीला नकार दिला.

"खोटं काहून बोलू? घेतली लाथ. साऱ्या गोदामानं घेतली हाय."

"मंग सांग ना, कोनाची ते!" जाऊ म्हणाली. "का तुह्या मावशीचा पोरगा लागते तो?"

"त्या मानसानं आपलं काय वाईट केलं? फुकट पाय देला त्यानं. त्याच्या पोटावर पाय देऊ का आता मी?"

"आपल्या पोटाचं काय मंग?"

त्याने कूस बदलली, ती बदलायला त्याला वेळ लागला.

आमचे वकील अकोल्याचेच, वयस्कर, कमी बोलणारे होते. त्यांना हे सगळे सांगितले तेव्हा त्यांनी चष्मा पुसला. मुकादम मालकाचा साक्षीदार म्हणून येणार आहे, हे त्यांना समोरून आलेल्या यादीवरून कळले होते. ठेकेदाराने तोच निवडला, कारण सांगितले ते बोलणारा आणि समोर ठेवले त्यावर सही करणारा असा तो माणूस होता. वकील दिराला म्हणाले, "तुम्ही नाव घेऊ नका. विचारले तर खोटे बोलू नका. नाही विचारले तर गप्प बसा." मग त्यांनी माझ्याकडे पाहून विचारले, "मुकादमाने ही कैफियत वाचली असेल, असे तुम्हाला वाटते का?" मला वाटत नव्हते. त्यांनाही वाटत नव्हते.

दिराची उलटतपासणी थोडक्यात झाली. कामगार न्यायालयाची ती खोली लहान होती आणि मी भिंतीलगतच्या बाकावर होते.

"तुम्ही कमरेवर लाथ मारून घेतली, हे खरे आहे?" नागपूरच्या वकिलाने विचारले.

"हो, खरं हाय."

"स्वतःच्या मर्जीने?"

"उसण भरल्यावर मर्जी कोनाची राहते साहेब?"

"हो की नाही, एवढेच सांगा."

"हो."

वकील समाधानाने खाली बसला. लाथ कोणाची आणि कुठे, हे त्याने विचारले नाही. त्याला हवे ते मिळाले होते आणि मिळालेल्या उत्तरावर आणखी प्रश्न विचारायचा नसतो, हे त्याला कोणीतरी नीट शिकवले होते.

डॉक्टरांची साक्ष झाली. झीज अनेक वर्षांच्या ओझ्याची आहे, असे त्यांनी सांगितले. लाथेने चकती सरकली का, या प्रश्नावर ते म्हणाले की लाथेनेच सरकली असे म्हणता येणार नाही आणि लाथेचा काहीच संबंध नाही असेही म्हणता येणार नाही. नागपूरच्या वकिलाने दुसरा अर्धा भाग लिहून घेतला.

पुढच्या तारखेला मुकादम आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळाला गंध. ठेकेदार त्याच्याबरोबर होता आणि त्याला पाण्याची बाटली त्यानेच दिली. मुकादमाच्या शपथपत्रात लिहिले होते की त्या दिवशी कोणताही अपघात झाला नाही, अर्जदाराला कामावर कोणतीही इजा झाली नाही आणि त्याने नेहमीप्रमाणे काम केले. ते खरे असल्याचे त्याने शपथेवर सांगितले. मग आमचे वकील उठले.

"मुकादम, तुम्ही पायाळू आहात म्हणतात."

"म्हनतात नाई साहेब, हायेच मी."

"गुण येतो का कोणाला?"

"साऱ्या गोदामाले विचारा."

"मग तुमच्या मालकाने हे काय लिहून दिलेय?" त्यांनी कैफियतीतला तो परिच्छेद सावकाश वाचला. 'अघोरी' या शब्दापाशी ते थोडे थांबले.

मुकादमाने पुन्हा वाचायला सांगितले. त्यांनी पुन्हा वाचले.

"अघोरी म्हनजे माहा पाय?"

"पायाळूची लाथ अघोरी असते आणि तिच्यामुळेच मणका गेला, असे लिहिलेय."

"कोनं लिहिलं?"

"मालकाने. ही त्यांची सही."

मुकादमाने साक्षीदाराच्या जागेवरूनच मागे वळून ठेकेदाराकडे पाहिले. "काहून हो शेठ? मालकाची कंबर धरली होती तवा गाडी धाडून बंगल्यावर नेलं होतं मले. तवा नाई दिसला अघोरी पाय?"

कोणीतरी हसले. नागपूरचा वकील उठून हरकत घेऊ लागला. न्यायाधीशांनी साक्षीदाराला पुढे पाहून बोलायला सांगितले. बंगल्याचा भाग नोंदीत आला नाही.

"त्या मंगळवारी अर्जदाराला लाथ कोणी दिली?"

"म्या देली."

"कुठे?"

"गोदामात. मागच्या थप्पीजवळ. गोनपाटावर निजवून."

"कामाच्या वेळेत?"

"मंग? उसण कामातच भरते साहेब, घरी निजल्या-निजल्या थोडी भरते! कट्टा टाकला अन् तसाच वाकडा राह्यला तो. म्या या डोयानं पाह्यलं."

"शपथपत्रात तर लिहिलेय की काही झाले नाही."

"ते यायनं लिहून आनलं. म्या सही केली. माह्या पायाबद्दल काही लिहिलं असन, हे कोनं सांगतलं होतं मले?"

न्यायाधीशांनी लेखनिकाला सांगितले, "लिहा, साक्षीदार स्वतःहून सांगतो की..." आणि मुकादमाची चार वाक्ये जशीच्या तशी उतरवून घेतली. आमच्या वकिलांनी, "आणखी काही नाही," म्हटले आणि ते बसले. मालकाच्या बाजूला आता मार्ग उरला नव्हता. साक्षीदार खोटे बोलतो असे म्हणायचे, तर तो त्यांचाच होता. लाथेमुळे इजा झाली असे म्हणायचे, तर लाथ त्यांच्याच मुकादमाची, त्यांच्याच गोदामात, त्यांच्याच वेळेत निघाली. नागपूरच्या वकिलाने तारीख मागितली. ती मिळाली नाही.

बाहेर चहाच्या टपरीवर मुकादम एकटाच उभा होता. ठेकेदार त्याला न घेताच निघून गेला होता. दीर त्याच्याजवळ गेला. मी आणि जाऊ दोन पावले मागे होतो.

"तुनं नाव नाई घेतलं माहं," मुकादम म्हणाला.

"तुमी काय वाईट केलं होतं?"

"खरं सांग गड्या. माह्या पायानं गेली का तुही पाठ?"

"नाई भाऊ. कट्टा जड होता."

मुकादमाने सुटकेचा निःश्वास टाकला. मणक्याचे काय झाले, पुढे काय करणार, हे त्याने विचारले नाही. त्याची काळजी पायापुरती होती आणि ती मिटली होती. चहाचे पैसे दिराने दिले.

"त्याच्या चहाचे पैसे बी आपनच द्या," परत येताना जाऊ रिक्षात म्हणाली. "लाथ फुकट, चहा इकत."

निकाल उन्हाळ्याच्या सुट्टीआधी लागला. इजा कामावर असताना आणि कामामुळे झाली, असे न्यायालयाने मानले. झिजलेला मणका एखाद्या दिवशी जागेवरून सरकतो तेव्हा तोच अपघात, आणि कोणी तो सरकताना पाहायला हवा असे नाही, असे निकालात म्हटले आहे. लाथेबद्दल असे म्हटले आहे की तिचा काही वाटा असलाच, तरी ती मालकाच्या पर्यवेक्षकाने कामाच्या जागी आणि कामाच्या वेळेत दिलेली असल्याने मालकाची जबाबदारी कमी होत नाही. भरपाई व्याजासह द्यायची, आणि ठेकेदाराने न दिल्यास मालकाने द्यायची, असा आदेश झाला.

आमच्या दैनिकात निकालाची बातमी आतल्या पानावर आली. मथळा होता, 'पायाळूची लाथ मालकाला महागात'. तो मी दिलेला नव्हता. मणका हा शब्द बातमीत एकदाच, शेवटच्या ओळीत होता.

निकालानंतर मालकाने गोदामात एक उपाय केला. फाटकाच्या आत, काट्याशेजारी, पत्र्याची पाटी लागली. त्या मंगळवारी दिराच्या मागे असलेल्या हमालाने तिचे छायाचित्र त्याला मोबाइलवर पाठवले, ते मी पाहिले आहे. पाटीवर लिहिले आहे, 'गोदामात कोणत्याही व्यक्तीकडून लाथ मारून घेण्यास सक्त मनाई आहे. आदेशावरून, व्यवस्थापन.' पाटीच्या मागे ट्रक उभा आहे आणि फळीवरून एक माणूस पाठीवर कट्टा घेऊन चढतो आहे. मुकादम त्याच गोदामात कामावर आहे. त्याला काढले तर तो आणखी काय बोलेल, याचा अंदाज मालकाला नसावा. पाटी लागल्यापासून लाथा फाटकाबाहेर, पानठेल्यामागे दिल्या जातात, असे तो हमाल सांगतो. कट्टा पन्नास किलोचाच आहे.

मालकाने निकालाविरुद्ध उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात अपील केले आहे. अपील करण्याआधी भरपाईची पूर्ण रक्कम जमा करावी लागते, ती त्याने केली आहे. तिच्यातला काही भाग काढण्याची परवानगी दिराला मिळाली. जावेने ओट्यावर भाजीचे दुकान टाकले आहे. माल ती स्वतः उतरवते. दीर उंच स्टुलावर बसून तराजू धरतो.

अपिलाची तारीख अजून लागलेली नाही.